हृच्छूलाचा रुग्ण आणि ट्रेडमिलची कसोटी

नीरा नदीच्या काठी, पुणे व सातारा या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर वसलेल्या शिरवळमध्ये वैद्यकव्यवसाय करणाऱ्याकडे प्रामुख्याने तीन प्रकारचे लोक येतात. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील शेतकरी, औद्योगिक वसाहतीत पाळ्यांवर राबणारे कामगार आणि महामार्गावरून जाता-येता थांबणारे वाहनचालक. या तिघांच्याही तोंडी एक तक्रार हमखास असते. ‘छातीत भरल्यासारखं होतंय, गॅस झालाय, काहीतरी द्या.’ निदान रुग्णाने घरूनच करून आणलेले असते. वैद्याने फक्त पुडी बांधायची. मग हिंग्वाष्टक, शंखवटी, सूतशेखर यांपैकी काहीतरी दिले जाते, आणि औषधालयातून तर काही न विचारताही दिले जाते. बहुतेकांना उतार पडतो, कारण बहुतेकांना खरोखरच आध्मान किंवा अम्लपित्त असते. प्रस्तुत लेख उरलेल्यांविषयी आहे.

या उरलेल्यांना ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही, एक प्रश्न लागतो. ‘कोठे दुखते’ हा प्रश्न आपण सगळेच विचारतो. ‘काय करताना दुखते’ हा विचारायचा राहून जातो. जेजुरीचा गड किंवा मांढरदेवीच्या पायऱ्या चढताना छाती आवळते, दोन मिनिटे टेकले की मोकळे वाटते, पुन्हा चढू लागले की पुन्हा आवळते. जेवून लगेच चालले तर लवकर दुखते, थंडीत पहाटे पाणी धरायला गेले तर आणखी लवकर. ढेकर आल्यावर बरे वाटले असे रुग्ण सांगतो, पण ढेकर देण्यासाठी तो थांबलेला असतो हे सांगत नाही. श्रमाने येणारी व विश्रांतीने जाणारी ही वेदना जबडा, डावा हात किंवा केवळ पोटाच्या वरच्या भागापुरतीही असू शकते. मधुमेही रुग्णात तर कधीकधी वेदना नसतेच. नुसता दम लागतो. अशा रुग्णाला सूतशेखर देऊन पंधरा दिवसांनी बोलावणे म्हणजे निदानाचे पंधरा दिवस गमावणे होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

येथे पुढची चूक संभवते ती विश्रांत अवस्थेतील ईसीजीची. रुग्ण पलंगावर निजलेला असताना काढलेला आलेख सरळ येतो, ‘ईसीजी नॉर्मल आहे’ असा निर्वाळा मिळतो आणि विषय संपतो. वास्तविक हृद्धमनीचा मार्ग बराच अरुंद झालेला असतानाही विश्रांतीतील आलेख निर्दोष असू शकतो. आपल्या भागातील वाचकांना हे समजावून सांगायला वीर धरणाच्या कालव्याइतका चांगला दाखला नाही. चारीत गाळ साचला तरी शेतांना पाणी कमी लागते त्या दिवसांत टेलच्या शेतापर्यंतही ते पोचते आणि कोणाची तक्रार येत नाही. उन्हाळी आवर्तनात सगळ्यांनी एकदम पाणी धरले की टेलचे शेत कोरडे पडते. गाळ दोन्ही वेळी तेवढाच असतो, मागणी वाढल्यावर तो दिसतो. विश्रांतीत हृद्धमनी सुमारे ऐंशी ते नव्वद टक्के अरुंद होईपर्यंत रक्तप्रवाह टिकून राहू शकतो. श्रमात मात्र साधारण सत्तर टक्के किंवा त्याच्याही आधीच्या अवरोधाला पुरवठा अपुरा पडू लागतो. म्हणून हृदयाला श्रम देऊन त्याची परीक्षा करावी लागते.

अमेरिकेतील सिएटलचे रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ च्या सुमारास मांडलेली पद्धत आजही सर्वत्र रूढ आहे. चालत्या पट्ट्याचा वेग आणि चढ दर तीन मिनिटांनी वाढवत नेतात. पहिला टप्पा ताशी सुमारे २.७ किलोमीटर वेगाचा व दहा टक्के चढाचा. वयाचा आकडा २२० मधून वजा करून येणाऱ्या नाडीच्या ८५ टक्क्यांपर्यंत पोचणे हे सामान्य उद्दिष्ट असते, म्हणजे पन्नाशीच्या रुग्णासाठी मिनिटाला सुमारे १४५. हीच टीएमटी. ती उपयुक्त आहे, स्वस्त आहे, परंतु केवळ आलेखावर विसंबल्यामुळे तिच्यात उणीव आहे. अवरोध असलेल्या रुग्णांपैकी ढोबळमानाने दोन तृतीयांश तिला सापडतात, उरलेले निसटतात. उलट स्त्रियांमध्ये आलेख विनाकारण बिघडलेला दिसण्याचे प्रमाण अधिक. डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक, पेसमेकर किंवा डिगॉक्सिन चालू असेल तर आलेखाचा अर्थच लावता येत नाही.

प्रतिमेची जोड येथे उपयोगी पडते. हृत्स्नायूला रक्त कमी पडू लागले की घटना एका ठरावीक क्रमाने घडतात. प्रथम त्या भागाचा रक्तपुरवठा इतरांच्या तुलनेत घटतो, मग तो भाग नीट शिथिल होत नाही, मग नीट आकुंचन पावत नाही, त्यानंतर आलेखात बदल दिसतो आणि सर्वांत शेवटी रुग्णाला वेदना होते. म्हणजे आपण ज्या लक्षणावर निदान करतो ते साखळीतले शेवटचे आणि ईसीजी त्याच्या आधीचे. स्ट्रेस इको आकुंचनाच्या पायरीवर रोग पकडते. पट्टा थांबल्यापासून मिनिट-दीड मिनिटाच्या आत प्रतिमा घ्याव्या लागत असल्याने ती करणाऱ्याच्या हाताला सराव हवा. न्यूक्लिअर स्कॅन त्याहून आधीच्या, रक्तपुरवठ्याच्या पायरीवर पोचतो. श्रमाच्या शिखरावर किरणोत्सारी द्रव्य शिरेतून देतात, नंतर छायाचित्र घेतात आणि विश्रांतीतल्या छायाचित्राशी ताडून पाहतात. श्रमात फिका व विश्रांतीत भरलेला दिसणारा भाग म्हणजे रक्त कमी पडणारा पण जिवंत स्नायू. दोन्ही वेळी फिका राहिला तर बहुधा जुन्या झटक्याचा व्रण. लोक या चाचणीला अजून ‘थॅलियम’ म्हणतात, जरी आता बहुतांशी सहा तास अर्धायुकाल असलेले टेक्नेशियम वापरले जाते. या विद्येचे एक जुने केंद्र आपल्याच राज्यात आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळला १९६३ साली सुरू झाले, म्हणजे ब्रूस आणि परळ एकाच वर्षाचे.

ज्यांचे गुडघे संधिवाताने गेले आहेत त्यांना पट्ट्यावर चालवता येत नाही. त्यांच्यासाठी डोब्युटामिन देऊन इको किंवा अ‍ॅडेनोसिनसारखे औषध देऊन स्कॅन करतात. गुडघेदुखीमुळे चाचणी होणार नाही असे रुग्णाला सांगणे हे त्यामुळे अज्ञान ठरते.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात रुग्णाची जी दशविध परीक्षा सांगितली तीत व्यायामशक्ती हा स्वतंत्र घटक आहे आणि ती रुग्णाच्या कर्मशक्तीवरून, काम करण्याच्या क्षमतेवरून, जोखावी असे म्हटले आहे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात हृच्छूलाचे वर्णन करताना श्वासावरोधाचा उल्लेख केला आहे. या आधारावर ‘ट्रेडमिल आमच्या संहितेत होतीच’ असे भाषण ठोकणारे अधूनमधून भेटतात. आम्हांस ते मान्य नाही. व्यायामशक्तीची परीक्षा बल ठरवण्यासाठी, औषधाची व शोधनाची मात्रा ठरवण्यासाठी होती. हृद्धमनीतील अवरोध शोधणे हा तिचा हेतू नव्हता. पण दृष्टी मात्र मिळतीजुळती आहे. रुग्ण काय आहे यापेक्षा तो काय करू शकतो हे पाहण्याची सवय आपल्याला परंपरेने दिली आहे, आणि तीच आपण गर्दीच्या वेळी सोडून देतो. नाडी पाहून होते, जीभ पाहून होते. ‘किती पायऱ्या चढता, गेल्या वर्षी किती चढत होता’ हे विचारले जात नाही.

चाचणीला पाठवताना आयुर्वेदीय चिकित्सकावर एक जबाबदारी येते जी इतर कोणावर येत नाही, आणि तिच्याविषयी आपल्या नियतकालिकांतून फारच थोडे लिहिले गेले आहे. रुग्ण आपली कोणती औषधे घेतो हे हृद्रोगतज्ज्ञाला कळत नाही, कारण रुग्ण ती ‘औषधे’ म्हणून सांगतच नाही. यष्टिमधु मोठ्या मात्रेत व दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील पोटॅशियम घटते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटल्याने आलेखात अवरोधासारखे फसवे बदल दिसू शकतात. सर्पगंधा नाडी मंद ठेवते. उद्दिष्टापर्यंत नाडी गेलीच नाही तर चाचणी अनिर्णीत राहते. कनकासवातील धत्तूर याच्या उलट नाडी वाढवतो. दम्यासाठी दिलेल्या सोमकल्पात इफेड्रिन असते, ते नाडी व रक्तदाब दोन्ही चढवते. वत्सनाभयुक्त कल्प, विशेषतः शोधनात कसूर राहिलेले, हृदयाच्या लयीवर परिणाम करतात. ही औषधे आपल्या मनाने एकाएकी बंद करायला सांगू नयेत; चिठ्ठीवर नावे व मात्रा लिहून द्याव्यात आणि काय थांबवायचे, किती दिवस आधी थांबवायचे हे चाचणी करणाऱ्याला ठरवू द्यावे. बीटा ब्लॉकरच्या बाबतीतही तेच. अ‍ॅडेनोसिनची चाचणी असेल तर चहा-कॉफी आदल्या दिवसापासून बंद ठेवावी लागते आणि दम्याच्या रुग्णाला ती सहसा करत नाहीत. आपल्याकडे ‘रिकाम्या पोटी जा’ एवढेच सांगितले जाते आणि रुग्ण एसटी स्टँडवर कटिंग पिऊन जातो.

कोणाला पाठवू नये हे कोणाला पाठवावे याहून महत्त्वाचे आहे. विश्रांतीत येणारी वेदना, गेल्या काही दिवसांत नव्याने उद्भवलेली किंवा दिवसेंदिवस कमी श्रमात येऊ लागलेली वेदना, घामासह वीस मिनिटांहून अधिक टिकलेली वेदना, या सर्वांत श्रमपरीक्षा वर्ज्य आहे. येथे चिठ्ठी लिहीत बसू नये, १०८ ला दूरध्वनी करावा आणि रुग्णाला स्वतःचे वाहन चालवत महामार्गाने पुण्याला किंवा साताऱ्याला जाऊ देऊ नये. महाधमनीच्या झडपेचे तीव्र आकुंचन असेल तर चालत्या पट्ट्यावर रुग्ण कोसळू शकतो. त्याचा मर्मर स्टेथोस्कोपने ऐकू येतो, फक्त तो कानाला लावायला हवा. योग्य निवड केलेल्या रुग्णात चाचणीमुळे मृत्यू येण्याचा धोका दहा हजारांत एखादा असा सांगितला जातो. निवड चुकली तर हा आकडा लागू पडत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे आरोग्यतपासणीच्या पॅकेजांचे पेव. पस्तिशीतल्या, कोणतीही तक्रार नसलेल्या, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला वाढदिवसाची भेट म्हणून टीएमटी करवून आणतात. रोगाची शक्यता मुळातच अत्यल्प असताना सदोष आलेला आलेख बहुधा खोटाच असतो आणि त्याच्या पाठोपाठ नको असलेली अँजिओग्राफी येते. न्यूक्लिअर स्कॅनमध्ये तर साधारण दहा मिलिसिव्हर्टच्या आसपास किरणोत्सारही मिळतो. तक्रार नाही, जोखीम नाही, तर चाचणीही नको, असे सांगण्याचे धैर्य कुटुंबवैद्याजवळ असले पाहिजे.

अहवाल हाती आल्यावरची दोन टोकेही अशीच. स्कॅन निर्दोष आला तर येत्या वर्षात झटका येण्याची शक्यता बहुतेक रुग्णांत एक टक्क्याहून कमी असते, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. मात्र श्रमपरीक्षा अडथळा दाखवते. धमनीच्या भित्तीत दबलेला, प्रवाह न अडवणारा मेदाचा थर तिला दिसत नाही आणि झटका पुष्कळदा असाच थर फुटून येतो. अमेरिकेतील प्रसिद्ध दूरचित्रवाणी पत्रकार टिम रसर्ट यांची श्रमपरीक्षा एप्रिल २००८ मध्ये समाधानकारक झाली होती आणि १३ जून २००८ रोजी त्यांना हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू आला. तेव्हा ‘टीएमटी नॉर्मल’ ऐकून मधुमेहाची, रक्तदाबाची औषधे आणि पथ्य सोडणारा रुग्ण दिसला तर त्याला थोपवणे हे आपले काम आहे. इतर कोणापेक्षा तो आपले अधिक ऐकतो.

अहवाल सदोष आला तर घबराट उडते. त्याच आठवड्यात स्टेंट न बसवल्यास माणूस जाणार अशी समजूत असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ५,१७९ रुग्ण होते, त्यांत भारतातीलही होते. श्रमपरीक्षेत मध्यम किंवा तीव्र दोष आढळलेल्या पण स्थिर असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांना आधी औषधोपचार व निम्म्यांना लगेच अँजिओग्राफीसह हस्तक्षेप असे विभागले. सुमारे तीन वर्षांच्या अवधीत मृत्यू आणि झटके यांसह मुख्य परिणामांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. वारंवार वेदना होणाऱ्यांना मात्र हस्तक्षेपाने अधिक आराम मिळाला. हा निष्कर्ष आपल्या काही मंडळींनी ‘आता अँजिओप्लास्टीची गरज उरली नाही, आमच्याकडे या’ असा फिरवून सांगितला. तो तसा नाही. डाव्या मुख्य धमनीचा रोग असलेले, हृदय फार क्षीण झालेले आणि नुकताच झटका आलेले रुग्ण या अभ्यासात नव्हते. शिवाय त्यातला ‘औषधोपचार’ म्हणजे स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन व रक्तदाबाची औषधे होती. ती बंद करून काढे सुरू करण्याला त्यातून कसलाही आधार मिळत नाही. आधार मिळतो तो एवढाच, की स्थिर रुग्णाला विचार करायला सवड असते आणि त्या सवडीत आहारविहाराचे जे काम करायचे त्यात आपण निष्णात आहोत.

अर्जुनाविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २००२ साली इंडियन हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्थिर हृच्छूल असलेल्या ५८ पुरुषांना अर्जुनत्वचेचा अर्क दर आठ तासांनी ५०० मिलिग्रॅम, एक नायट्रेट औषध आणि निष्क्रिय गोळी अशी तिन्ही आळीपाळीने आठवडा-आठवडा दिली. कोणते काय हे रुग्णाला व तपासणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. निष्क्रिय गोळीच्या तुलनेत अर्जुनावर वेदनेचे प्रसंग कमी झाले आणि ट्रेडमिलवर चालण्याचा अवधी वाढला. नायट्रेटच्या तुलनेत तो कमी पडला नाही. हा अभ्यास लहान आहे, अल्प मुदतीचा आहे, त्यात स्त्रिया नाहीत आणि त्यातून अवरोध विरघळल्याचे मुळीच सिद्ध होत नाही. तरी अर्जुनाच्या बाजूने आपण मानाने पुढे करू शकतो अशी जी काही पत्रे आहेत त्यांतले हे एक, आणि त्याची मोजपट्टी होती ट्रेडमिल. जी चाचणी आपल्या औषधाची साक्षीदार झाली तिलाच ‘अ‍ॅलोपॅथीचे खूळ’ म्हणून नावे ठेवणे विसंगत आहे.

त्याच मोजपट्टीचा गैरवापरही चालतो. चिकित्सेपूर्वी रुग्ण पाच मिनिटे चालला, तीन महिन्यांनी आठ मिनिटे चालला, म्हणून ‘ब्लॉकेज गेले’ अशी जाहिरात होते. रोज चालण्याच्या सरावाने, वजन घटल्याने, तंबाखू सुटल्याने, एवढेच काय, पट्ट्याची भीती मोडल्यानेही अवधी वाढतो. ही वाढ हितकरच आहे, परंतु तिचा अवरोधाशी संबंध जोडायचा तर आधीची व नंतरची प्रतिमा, तीच पद्धत, तीच चालू औषधे आणि तुलनेसाठी दुसरा गट हवा. इंदूरच्या संशोधकांनी निष्क्रिय गोळी ठेवली ती याचसाठी. हृद्रोग बरा करण्याच्या जाहिरातीवर १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार आक्षेपार्ह जाहिराती कायद्याने बंदी आहे हे औषधालयाच्या काचेवर फलक चिकटवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. कारखान्याने फुकट पाठवला तरी तो आपल्या काचेवर असतो.

औषधालय चालवणाऱ्या सभासदांना आमची आणखी एक विनंती आहे. अर्जुनारिष्टाची बाटली मागणारा गिऱ्हाईक कोणासाठी नेतो आणि का नेतो, एवढे विचारा. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, छातीत आवळते म्हणून नेत असेल तर बाटली देण्यापूर्वी त्याला वैद्याकडे पाठवा. पार्थाद्यरिष्ट म्हणजे गूळ घालून आंबवलेला कल्प. आवळणाऱ्या छातीचा मधुमेही तो दोन-दोन चमचे महिनोन्महिने घेत राहतो, वाढलेली साखर आणि न तपासलेले हृदय दोन्ही बरोबर बाळगत. एका बाटलीचा नफा बुडेल हे खरे. पण महिन्यातून अशी दोन माणसे आली तरी त्यांतला एखादा खरोखर हृच्छूलाचा असतो.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नानानंतर आपल्याच खंडाळा तालुक्यातून, लोणंदवरून पुढे जाते. वारीला निघणारी साठीपुढची माणसे त्याआधी पायाला तेल आणि सुंठवडा न्यायला आपल्याकडे येतात. ज्येष्ठ लागण्यापूर्वीच त्यांना चढावरच्या दमाबद्दल व छातीबद्दल विचारून घ्यावे, ज्याच्या उत्तरात शंका वाटेल त्याला चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीवर वेदना केव्हा येते व किती मिनिटांत जाते, मधुमेह-रक्तदाब-तंबाखूचा इतिहास, गुडघ्यांची अवस्था, दमा आहे की नाही आणि आपली सर्व औषधे मात्रेसह असावीत. चाचणीची तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा चैत्रातच सुरुवात करावी.